पंचवीस किलो राहू द्या, आधी सहा किलोंचं बोलू

"नमस्कार डॉक्टर मॅडम. मी ५१ वर्षांची आहे, नागपुरात सक्करदऱ्याला राहते. घरून डबे देते, रोजचे चाळीसेक असतात. पहाटे साडेचारला उठते ते दुपारी दोनपर्यंत पाठ टेकत नाही. उंची पाच फूट एक इंच, वजन ८२ किलो. बीपीची गोळी मागच्या वर्षी सुरू झाली. आता तपासण्या केल्या तर साखरेचं एचबीए१सी ६.२ निघालं आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. जिना उतरताना गुडघे दुखतात. रात्री इतकी घोरते की मिस्टर समोरच्या खोलीत जाऊन झोपतात. डॉक्टर म्हणाले, पंचवीस किलो कमी करा, मग बोलू. मॅडम, पंचवीस किलो कमी म्हणजे मी लग्नात होती तेवढी! ते आता माझ्याच्यानं होत नाही. मागे एकदा पावडर पिऊन नऊ किलो उतरवले होते, वर्षभरात अकरा चढले. आता ते आठवड्याचं इंजेक्शन निघालं म्हणतात, ते घेऊ का? आणि नुसते पाच-सहा किलो कमी करून काही फरक पडतो का, ते खरं सांगा. पडत नसेल तर विचारच सोडून देते. सासूबाई तर म्हणतात, डबेवालीच सुकली तर लोक डबा लावतील का?"

ताई, फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. आरशात दिसायच्या आधी तो तुमच्या रिपोर्टांत दिसेल. तुम्हाला सांगितलेले पंचवीस किलो उंची-वजनाच्या तक्त्यातून आले आहेत. तुमच्या उंचीला भारतीय मापानं साधारण ५५ किलोंपर्यंत योग्य धरतात, म्हणून ८२ मधून तेवढे वजा करून ढोबळ पंचवीस सांगितले. हिशेब बरोबर आहे. पण पहिल्याच भेटीत एवढा आकडा कानावर पडला की माणूस घरी येऊन हेच म्हणतो, "सोडूनच देते." मला याचं फार वाईट वाटतं, कारण फायद्याचा मोठा वाटा सुरुवातीच्या किलोंतच असतो.

८२ चे सहा किलो म्हणजे साधारण सात टक्के. अमेरिकेत 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम' नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. त्यात ३,२३४ माणसं होती, सगळी तुमच्याच पायरीवर उभी: साखर वाढलेली, पण मधुमेह अजून लागलेला नाही. एका गटाला सांगितलं, वजन सात टक्के उतरवा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाला. दुसऱ्याला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दिली, तिसऱ्याला औषध नसलेली नुसती गोळी. सरासरी तीनेक वर्षांनी पाहिलं, तर तिसऱ्या गटाच्या तुलनेत चालणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं आणि मेटफॉर्मिनवाल्यांत ३१ टक्क्यांनी. साठी ओलांडलेल्यांत तर चालण्या-खाण्याचा फायदा ७१ टक्क्यांपर्यंत गेला. आणि त्या पहिल्या गटाचं वजन सरासरी किती उतरलं होतं? ५.६ किलो. तुम्ही ज्याला "नुसते पाच-सहा किलो" म्हणता तेवढंच.

तुमचं ६.२ हे याच टप्प्यातलं आहे. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची अवस्था, ६.५ पासून पुढे मधुमेह. आज तुम्ही उंबरठ्याच्या अलीकडे आहात आणि इथून मागे फिरता येतं.

पावडरीच्या अनुभवामुळे तुमच्या मनात भीती असणार की पुन्हा चढलं तर सगळं वाया. तसंही नसतं. त्याच अभ्यासातल्या लोकांना पुढे दहा वर्षं पाहिलं. पहिल्या गटातल्या पुष्कळांचं वजन हळूहळू बरंचसं परत आलं होतं, तरीही त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच राहिलं. आपल्याकडे चेन्नईतही असा अभ्यास झाला आणि २००६ साली प्रसिद्ध झाला. तिथे आहार आणि व्यायामानं मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि गंमत अशी की वजनाचा काटा फारसा हललाच नव्हता. म्हणून काटा दोन आठवडे एकाच जागी बसला तरी चालणं सोडायचं नाही. आत काम चालू असतं.

आत म्हणजे कुठे, तर आधी लिव्हरमध्ये. रात्री आपण झोपलेलो असतो तेव्हा लिव्हर थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं आणि किती सोडायची हे इन्सुलिन सांगतं. लिव्हरमध्ये चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, गरज नसताना साखर सोडत राहतं. मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं आणि काही वर्षांनी ते थकतं. तुमचं फॅटी लिव्हर आणि तुमचं ६.२ ही दोन वेगळी दुखणी समजू नका, एकाच गोष्टीची ती दोन टोकं आहेत. चांगली बातमी ही की वजन उतरायला लागलं की लिव्हरमधली चरबी लवकर हलते. पाच टक्के वजन घटलं, म्हणजे तुमच्या बाबतीत चार किलो, तर लिव्हरमधली चरबी कमी झालेली दिसू लागते. सात ते दहा टक्क्यांना तिथली सूज उतरते. दहाच्या पुढे गेलं तर पुष्कळांत लिव्हरवर पडलेले व्रणसुद्धा भरून येऊ लागतात. यासाठी बाजारात मिळणारी "लिव्हर साफ करणारी" सिरपं कृपा करून घेऊ नका.

आपल्या लोकांना हे जास्त लागू होतं, त्याचंही कारण सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण मोजून पाहिली तर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण दिसायला बारीक असलो तरी आत चरबी बाळगतो आणि ती पोटात साठवतो. म्हणून वजनाच्या काट्याबरोबर शिलाईची टेप घ्या. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० ही आपल्याकडची मर्यादा धरतात. तुमचं माप बरंच पुढे असेल. असू द्या. ते महिन्याकाठी एक सेंटिमीटर जरी कमी झालं तरी माझ्या मते ती काट्यापेक्षा मोठी बातमी आहे. मिस्टरांचीही कंबर मोजून घ्या.

आता गुडघे. चालताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. गुडघ्याची झीज झालेल्या, वजन जास्त असलेल्या वयस्कर लोकांचा २००५ साली अभ्यास झाला, त्यात दिसलं की एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. तुम्ही पाच किलो उतरवले तर प्रत्येक पावलाला वीस किलो कमी, म्हणजे पाण्याचा भरलेला मोठा कॅन कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं. ओट्यापासून गॅसपर्यंत, गॅसपासून दारापर्यंत, दिवसातून किती हजार पावलं टाकता तुम्ही! झिजलेली कूर्चा, म्हणजे गुडघ्याच्या हाडांमधली मऊ गादी, परत येत नाही, हे खरं. पण दुखणं कमी होतं, जिना जमतो, आणि ऑपरेशनची वेळ पुढे ढकलता येते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना वजन घटल्याचं पहिलं सुख विचारलं तर त्या साखरेचं नाव घेत नाहीत, "खाली बसून उठता येऊन राहिलं" असं सांगतात.

बीपीचा ढोबळ हिशेब असा आहे की एक किलोमागे वरचा आकडा साधारण एकानं उतरतो. सहा किलोंना पाच-सहा. ऐकायला थोडं वाटतं, पण गोळीबरोबर तो मोलाचा आधार आहे. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही. वजन उतरत असताना उठल्यावर चक्कर यायला लागली, तर डॉक्टरांना दाखवून डोस कमी करून घ्यायचा.

घोरण्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंत, मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. मिस्टरांना एक रात्र खोलीत राहून लक्ष द्यायला सांगा: घोरता घोरता श्वास काही सेकंद पूर्ण थांबतो का, आणि मग गुदमरल्यासारख्या दचकून श्वास घेता का? दुपारी भाजी निवडता निवडता डुलकी लागते का? तसं असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. त्यात रात्रभर शरीराला प्राणवायू तुटक तुटक मिळतो, त्यामुळे बीपी वाढतं, साखर वाढते, आणि झोप न झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी भूकही जास्त लागते. दहा टक्के वजन घटलं तर श्वास थांबण्याचे हे प्रसंग पाव हिश्शानं कमी होतात, असं २००० सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. पण वजन उतरेपर्यंत वाट पाहू नका. झोपेची तपासणी करून घ्या, नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा एम्सच्या श्वसनरोग विभागात विचारा.

खरं सांगा म्हणालात, म्हणून उरलेलंही सांगते. वजन उतरवलं की हार्ट अ‍ॅटॅक टळतोच, असं मी म्हणणार नाही. आधीच मधुमेह असलेल्या ५,१४५ लोकांना अमेरिकेत सुमारे दहा वर्षं पाहिलं. वजन उतरवणाऱ्या गटात हार्ट अ‍ॅटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण म्हणावं तसं कमी झालं नाही. मात्र त्यांना औषधं कमी लागली, हिंडणं-फिरणं सुधारलं, झोपेतला श्वास सुधारला. आठ वर्षांनी त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी किमान पाच टक्के घट टिकवलेली होती, ही गोष्ट मला फार धीराची वाटते. म्हणून हृदयासाठी वजनावर एकट्यावर विसंबू नका. बीपी आणि कोलेस्टेरॉल वेगळं तपासत राहा, घरात कुणी तंबाखूचा खर्रा खात असेल तर तो सुटला पाहिजे. तुमचं वय पाळी जाण्याचं आहे, म्हणून आणखी एक. पाळी थांबल्यावर शरीरातली चरबी इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक तयार करत राहते आणि त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पाळी वर्षभर थांबून नंतर थोडंही अंगावर गेलं, तर लाजू नका, लगेच दाखवा.

पावडरीनं नऊ उतरले आणि अकरा चढले, यात तुमचा दोष नव्हता. जेवण एकदम तोडलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. शरीर खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं, आणि हे काही आठवड्यांपुरतं नसतं, महिनोन् महिने चालतं. पावडर थांबल्यावर परत येते ती बहुतेक चरबीच. शिवाय फार भराभर वजन उतरलं की पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते. यावेळी आठवड्याला पाव ते अर्धा किलो, सहा महिन्यांत सहा किलो. एवढंच.

आणि तुमच्यासाठी त्याची जागा तुमचाच ओटा आहे. चाळीस डब्यांची चव घेणारी बाई दिवसभर खातच असते, फक्त ताटात वाढून घेत नाही. चव घ्यायला चहाचा एक चमचा ठेवा, मोठी पळी तळहातावर ओतायची नाही, आणि प्रत्येक भाजीची चव एकदाच. पोटात जास्त जातं ते उरलेलं: दोन पोळ्या वाचल्या, वाटीभर भाजी राहिली, टाकवत नाही म्हणून तीन वाजता उभ्या उभ्या खाल्ली. पहाटेपासून उपाशी असलेल्या बाईला तीन वाजता हेच होणार. म्हणून सकाळी आठच्या आत काहीतरी खाऊन घ्या: ज्वारीची अर्धी भाकर आणि झुणका, नाहीतर एक अंडं, नाहीतर मोड आलेली मटकी. दुपारी साडेबाराला आपलंही ताट वाढायचं आणि बसून जेवायचं. चाळीस जणांची जेवणाची वेळ पाळता, एकेचाळिसावी तुमची.

तेल मोजा. एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात, आणि आपल्या नागपुरी हाताला तर्री दिसल्याशिवाय भाजी झाली असं वाटतच नाही. तुमच्या एकटीच्या वाट्याला दिवसाला चार लहान चमचे तेल, म्हणजे महिन्याला अर्धा-पाऊण लिटर. डब्याच्या भाजीला तर्री लागतेच, गिऱ्हाईकाचा प्रश्न आहे, मला कळतं. मग रस्सा वाढताना आपल्या वाटीत वरचं तेल बाजूला सारून खालचा घ्या. पाटवडी रस्सा खा, वडाभातावर फोडणीचं तेल पुन्हा ओतू नका. कोथिंबिरीची सांबारवडी तळण्याआधी एखादी वाफवून पाहा, वरून तिळाची फोडणी द्या, वाईट लागत नाही. आंबाडी, चिवळ, मेथी हवी तेवढी. दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ आणि सोबत दही किंवा मठ्ठा हवाच, कारण स्नायू टिकवायचे तर प्रथिनं लागतात आणि आपल्या ताटात तीच कमी पडतात. भात बंद करायला मी सांगणार नाही. एक वाटी घ्या, तोही वरण-भाजी खाऊन झाल्यावर. रविवारचं सावजी मटण महिन्यातून एकदा मनापासून खा.

"मी तर दिवसभर उभीच असते, वेगळं कशाला चालू?" असं तुम्ही म्हणाल. उभं राहणं कष्टाचं आहे, पण त्यानं हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत. चालणं असं हवं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. सलग अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतात. जेवणानंतरची दहा मिनिटं तर साखरेसाठी फारच उपयोगी, कारण चालणारे स्नायू तेव्हाच रक्तातली साखर उचलून घेतात. संध्याकाळी रेशीमबाग मैदानावर जा, सोबत कुणी मैत्रीण असेल तर खंड पडत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दिवस मावळेपर्यंत बाहेर पडू नका, घरातच या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारा. आणि दिवसातून दोनदा, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. गुडघा कुरकुरला तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा. याने मांड्या घट्ट होतात आणि गुडघ्यावरचा ताण त्या वाटून घेतात.

इंजेक्शनाबद्दल थोडक्यात. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधावर झालेल्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं, औषध खरंच काम करतं. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं, हेही तितकंच खरं. खर्चही आहे, मळमळ होते, स्नायूही घटतात. तुमच्या जागी मी आधी हे सहा महिने देईन. त्यानंतरही साखर आणि झोपेतला श्वास सुधारला नाही, तर फिजिशियनशी बोलून ठरवा. ओळखीतून किंवा मेडिकल स्टोअरमधून परस्पर मुळीच घेऊ नका.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या काळात अंगानं भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची, म्हणून त्यांना काळजी वाटते. त्यांना म्हणा, सहा किलोंनी मी सुकत नाही, ७६ ची होईन. गुडघ्यानं डबे बंद पडण्यापेक्षा ते बरं. जमलं तर त्यांचीही साखर तपासून घ्या.

एक तपासणी तुमच्या यादीत दिसली नाही, थायरॉइडची, ती करून घ्या. वजन आठवड्यातून एकदाच बघा, सकाळी उपाशीपोटी, रोज नको. एचबीए१सी तीन महिन्यांनी करा, त्याआधी करण्यात अर्थ नाही, कारण तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. चालताना छाती जड झाली, दम लागला, किंवा जबड्यात-हातात कळ गेली, तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी दाखवा. काहीही न करता वजन आपोआप उतरू लागलं, तहान आणि लघवी वाढली, तर खूश होऊ नका, आठवडाभरात साखर तपासा. तीन महिन्यांच्या रिपोर्टसोबत कमरेचं माप आणि झोपेच्या तपासणीचं काय झालं तेही लिहून पाठवा, त्यावरून पुढचे तीन महिने ठरवू.